चिऱ्यांच्या घरात जाळं: एक राउटर, चार स्विच आणि गोठ्यातला दिवा

१२ एप्रिल २०२५, शनिवार

पुण्याहून काल रात्री गावी पोचले. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली आहे आणि पावसाळा संपेपर्यंत मी ती गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी वापरणार आहे. त्यासाठी घरात इंटरनेट हवं. ते आहे, पण पडवीत आहे.

फायबर पडवीपर्यंत येतं आणि तिथल्या पांढऱ्या डब्यात संपतं. डब्यातच वायफाय आहे. मोबाइलवर सिग्नलची ताकद मोजली (शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली): डब्याखाली उभं राहिलं तर उणे ४८, ओटीवर उणे ६१, माजघरात उणे ७९, माडीवर काहीच नाही. मधे जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती. टेप लावली तर गिलाव्यासकट सोळा इंच भरली. अशा दोन भिंती ओलांडल्या की वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ संपतं, २.४ रडतखडत पोचतं.

बाबा म्हणाले, "मोबाइलला रेंज नाही म्हणून मी भिंती पाडणार नाही हो."

भिंती पाडायच्या नाहीत. वायर ओढायची आहे.

संध्याकाळी वहीत यादी केली. माडीवर माझा लॅपटॉप, ऑफिसचा फोन, एक अॅक्सेस पॉइंट (वायरीवरून वायफाय देणारा डबा). ओटीवर टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स. माजघरात दुसरा अॅक्सेस पॉइंट आणि बाबांचा प्रिंटर. पाहुण्यांच्या दोन खोल्या काकांनी गेल्या वर्षी बांधल्या, तिथे एक-एक. गोठ्याकडे दोन कॅमेरे, कारण वाडीतल्या सुपाऱ्या हल्ली माणसंही नेतात, नुसती माकडं नाहीत. बेरीज अकरा. घरातलं जाळं इंटरनेटला जोडतो तो राउटर, त्याला मागे लॅनचे, म्हणजे घरच्या यंत्रांसाठीचे, पोर्ट चार. म्हणजे एका वायरीच्या अनेक फांद्या करणारा स्विच लागणार, आणि एकाने भागणार नाही, कारण अकरा वायरी एकाच कोपऱ्यात आणायच्या तर घराला जानवं घातल्यासारखं दिसेल.

१३ एप्रिल, रविवार

कागदावर घर काढलं. दोन रस्ते होते.

पहिला साखळीचा: राउटरमधून ओटीचा स्विच, त्यातून माजघराचा, त्यातून माडीचा, शेवटी गोठा. वायर कमी लागते. पण ओटीच्या स्विचचा अडॅप्टर कुणी टीव्हीसाठी प्लग हवा म्हणून काढला, की पुढचं सगळं घर गेलं. आमच्याकडे प्लग असेच काढले जातात.

दुसरा झाडाचा: राउटरमधून एकच वायर मुख्य स्विचला आणि मुख्य स्विचमधून प्रत्येक जागेला वेगळी फांदी. वायर जवळजवळ दुप्पट. पण एक फांदी गेली तर तेवढीच जाते.

कॉलेजात पाच-चार-तीनचा नियम पाठ केला होता: पाच तुकडे, चार रिपीटर, तीनच तुकड्यांवर यंत्रं. तो आठवून क्षणभर घाबरले. मग लक्षात आलं, तो जुन्या १० मेगाबिटच्या हबांचा नियम. हब आलेलं सगळं सगळीकडे ओरडून सांगतो, म्हणून टकरी होतात. स्विच प्रत्येक पोर्टच्या मागे कोणता मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) आहे ते शिकून घेतो आणि ज्याचं त्यालाच देतो. आता खरी मर्यादा एवढीच, की तांब्याची एक वायर १०० मीटरच्या आत हवी. सुंभाची दोरी घेऊन पडवीपासून गोठ्यापर्यंत चालले. वळणं धरून ६२ मीटर.

झाड ठरलं. मुख्य स्विच सोळा पोर्टचा, थोडी अक्कल असलेला, म्हणजे ब्राउझरमधून सेटिंग बदलता येणारा. ओटीला पाच पोर्टचा साधा, माडीला आठचा साधा, गोठ्याला कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देणारा, पीओई. माजघर आणि पाहुण्यांच्या खोल्या सरळ मुख्य स्विचवर.

१९ एप्रिल, शनिवार

चिपळूणला खरेदी. स्विच पटकन मिळाले. वायरीपाशी दीड तास गेला.

दुकानदाराने ३०५ मीटरची पेटी काढली, कॅट सिक्स, भाव बघता जवळजवळ निम्म्यात. पेटी उचलली आणि हलकी लागली. "एक तुकडा कापून द्या" म्हटलं. बारीक तार ब्लेडने खरवडली: वरून तांबूस, आत चांदीसारखी पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. लॅपटॉपला चार मीटर लावायला ते चालूनही जाईल. पण तांब्यापेक्षा त्याचा रोध दीडपटीच्या वर, दोनदा वाकवलं की तार मोडते आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्यांना तर वीजच वायरीतून जायची आहे. पीओईच्या साध्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट सोडतो आणि १०० मीटरच्या टोकाला १२.९५ वॅट पोचतील असं धरलेलं असतं. तो हिशेब शुद्ध तांब्याचा आहे.

दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे हीच नेतात." नेत असतील. मी जड पेटी घेतली. गोठ्यासाठी वेगळी, काळ्या जाड आवरणाची, उन्हापावसातली.

२० आणि २१ एप्रिल

भोकं पाडली. वायरमनकाका आले होते, कारण त्यांच्याकडे दीड फुटी बिट आहे.

चिरा ओला असताना भाकरीसारखा कापला जातो आणि वाऱ्यावर राहिला की घट्ट होतो. आमचे चिरे सत्तर वर्षं वारा खातायत. बिट पहिले चार इंच मुकाट गेलं, मग आत पोकळी लागली आणि एकदम हात आत गेला. लाल पीठ नाकातोंडात. आईने आधीच माजघरातली पिंपं झाकून ठेवली होती, तिला घराचा अनुभव जास्त.

वायरमनकाकांनी दोन गोष्टी शिकवल्या. बाहेरच्या भिंतीचं भोक आतून बाहेर उतरतं पाडायचं, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत येत नाही. आणि भोकाच्या खाली वायरीला एक लोंबता झोळ द्यायचा, थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. एक गोष्ट मी त्यांना सांगितली: विजेच्या पट्टीतून ही वायर न्यायची नाही, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडायची. त्यांना ते पटलं नाही, पण पट्टी वेगळी मारली.

२६ एप्रिल, शनिवार

वायरींच्या टोकांना प्लग दाबले. आठ तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुपारपर्यंत झोपेतही म्हणता आलं असतं. अठरा प्लग लावले, पाच वाया गेले. वाया जाण्याचं कारण प्रत्येक वेळी एकच: तारा प्लगच्या टोकापर्यंत पोचल्याच नाहीत आणि मी घाईत चिमटा दाबला.

माडीची वायर लावली, इंटरनेट आलं, टाळ्या. मग माजघरातल्या जुन्या संगणकावरून एक मोठी फाइल माडीवर ओढून पाहिली. वेग ९४ मेगाबिट. आपली योजना १०० ची आहे म्हणून इंटरनेटच्या चाचणीत फरक दिसलाच नव्हता. पण घरातल्या घरात हा वेग ९४० च्या आसपास हवा. ९४ म्हणजे दोन्ही टोकांनी १०० वर समझोता केलाय. स्विचकडे पाहिलं तर बाकीच्या पोर्टचा दिवा हिरवा, माडीचा नारिंगी. दुपारपासून तो माझ्याकडे बघत होता.

१०० मेगाबिटला आठांतल्या चारच तारा लागतात: एक, दोन, तीन, सहा. गिगाबिटला आठही. टेस्टर लावला तर दिवे एक ते सात ओळीने पेटले, आठवा पेटला नाही. तपकिरी तार प्लगमध्ये अर्ध्यावर थांबली होती. प्लग कापला, नवा लावला, दिवा हिरवा.

टेस्टर सकाळपासून खिशातच होता. "चालतंय की" म्हणून काढला नाही. आता प्रत्येक वायर आधी टेस्टरला.

जाता जाता गोठ्यातली जुनी वायरही सुधारली. गेल्या दिवाळीत दादाने, म्हणजे चुलतभावाने, वाडीत मोबाइल चालावा म्हणून त्याचा जुना राउटर गोठ्याच्या भिंतीवर टांगला होता. त्याच्या वायरीचं टोक उंदराने कुरतडलं होतं. कापलं, नवा प्लग, टेस्टरवर आठही दिवे, राउटरच्या रिकाम्या पोर्टात खोचली. (ही ओळ मी नंतर लाल पेनाने अधोरेखित केली आहे.)

१० मे, शनिवार

आज सगळं जोडलं.

आधी एक गाठ सोडवायची होती. फायबरचा पांढरा डबा स्वतःही राउटरच आहे. त्याच्यामागे माझा राउटर लावला तर दोघेही पत्त्यांचं भाषांतर करणार, दुहेरी. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित रस्ता, अशा ठिकाणी कुरकुरतं. म्हणून डबा ब्रिज मोडमध्ये हवा: त्याने नुसतं प्रकाशाचं तांब्यावर करायचं, लॉगिन माझा राउटर करेल. यासाठी सेवा देणाऱ्यांना तीन फोन केले. पहिल्याने ब्रिज मोड म्हणजे काय ते मलाच विचारलं, दुसऱ्याने "होत नाही" म्हणून सांगितलं, तिसऱ्याने चार मिनिटांत करून दिलं.

मग राउटरची एक वायर मुख्य स्विचला, स्विचमधून फांद्या. इथे माजघरातल्या अॅक्सेस पॉइंटची नोंद महत्त्वाची, कारण तोही मुळात एक साधा राउटरच आहे. त्याला आधी लॅपटॉपवर एकट्यानेच उघडला, डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणं, बंद केलं, त्याचा आयपी पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावली, निळ्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) नाही. आता तो पत्ते वाटत नाही, नुसता वायफाय देतो. माडीवरच्याचंही तेच, त्याला १.३. घरात पत्ते वाटणारा एकच, पडवीतला राउटर, १९२.१६८.१.१.

संध्याकाळी चारला माडीवर ऑफिसची मीटिंग केली. चाळीस मिनिटं, एकदाही चेहरा थिजला नाही.

११ मे, रविवार

काल सात वाजता सगळं गेलं. रात्री दहाला आपोआप आलं. सेवा देणाऱ्यांच्या बाजूने असेल म्हणून झोपले. आज पुन्हा सात. पुन्हा दहा.

१४ मे, बुधवार

चार दिवस, रोज दिवेलागणीला. आई म्हणाली, "तुझं इंटरनेट तिन्हीसांजेला देवाला जातं."

जमा झालेले विचित्र मुद्दे:

टीव्ही कधीकधी चालू राहतो, माझा लॅपटॉप नाही. कालच्याच वेळी बाबांचा मोबाइल चालत होता आणि माझा नव्हता.

लॅपटॉपवरून राउटरला, १९२.१६८.१.१ ला, पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारली, तर उत्तर येतं. म्हणजे राउटर जिवंत, वायर धड. मग दोष बाहेरचाच, असं मी तक्रारीत लिहिलंही.

राउटर बंद करून चालू केला की दोन-तीन मिनिटं छान चालतं. मग पुन्हा गप्प.

फायबरच्या डब्यावरचे दिवे मात्र संध्याकाळभर शांत हिरवे.

राउटर तापतो का म्हणून पंखा लावला. स्विच खराब का म्हणून पोर्ट बदलले. व्होल्टेज पडतं का म्हणून वायरमनकाकांनी मीटर धरला: २१४. एवढ्याने काही बिघडत नाही.

१६ मे, शुक्रवार

सापडलं.

सव्वासातला नेट गेलं. या वेळी पिंग न करता ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं, राउटरचे लॉग बघू म्हणून. समोर जे पान आलं ते माझ्या राउटरचं नव्हतं. रंग वेगळा, कंपनीचं चिन्ह वेगळं. त्याच पत्त्यावर दुसरंच कुणी बसलं होतं आणि चार दिवस माझ्या पिंगला तेच उत्तर देत होतं.

लॅपटॉपवर एआरपीची यादी काढली, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा याची. १९२.१६८.१.१ च्या समोर जो मॅक पत्ता होता त्याची शेवटची जोडी सी-७. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर शेवटची जोडी १-ए. मग मुख्य स्विचच्या पानावर सी-७ कोणत्या पोर्टामागे आहे ते शोधलं. पोर्ट नऊ. वहीत पोर्ट नऊ म्हणजे गोठा.

बॅटरी घेऊन वाडीतून गेले. गोठ्यात ट्यूब चालू, आई गाईला वैरण घालत होती. भिंतीवर दादाचा जुना राउटर, दिवे लुकलुकत. त्याचा प्लग ट्यूबच्याच बोर्डात, ट्यूबच्याच बटणावर. आई संध्याकाळी गोठ्यात दिवा लावते तेव्हा तो उठतो, रात्री दहाला शेवटची फेरी मारून दिवा मालवते तेव्हा झोपतो.

पण दिवाळीपासून तो असाच होता, मग त्रास आताच का? वायर बघितली आणि २६ एप्रिलची ती ओळ आठवली. दादाने ती निळ्या वॅन पोर्टात लावली होती. तिथे असेपर्यंत त्याच्या मागे त्याचं वेगळं घर होतं, आमच्या घरात तो नुसता पाहुणा होता. मी नवा प्लग लावून "रिकाम्या" पोर्टात खोचली, ते पिवळं लॅन पोर्ट. त्यामुळे तो आमच्याच जाळ्यात आला, कारखान्यातून आलेला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन, आणि डीएचसीपीही चालू ठेवून. मी ती लावली दिवसा. ट्यूब बंद होती, राउटर झोपला होता.

बाकीचे मुद्दे मग एका ओळीत बसले. स्विचला आयपी पत्ता कळत नाही, तो मॅक बघून टाकतो, म्हणून त्याची तक्रार नव्हती. प्रत्येक यंत्र "१.१ कोण?" असं विचारतं आणि शेवटचं ऐकलेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतं. ज्याला खऱ्याचं उत्तर आठवत होतं त्याचं चालू, ज्याला गोठ्यातल्याचं मिळालं त्याचं बंद. खरा राउटर चालू होताना आपला पत्ता पुकारतो, म्हणून दोन-तीन मिनिटं सगळे त्याच्याकडे वळत होते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी दिवा लावला की तुझं जायचं? मग विचारायचंस ना मला." खरंय. सगळ्यांना विचारलं, तिला नाही.

१७ मे, शनिवार

दुरुस्ती. दादाच्या राउटरवर डीएचसीपी बंद, पत्ता वेगळा, आता तोही अॅक्सेस पॉइंट. शिवाय घरचं जाळंच हलवलं: मुख्य राउटर आता १९२.१६८.५०.१. उद्या कुणी कपाटातून जुनं यंत्र काढून लावलंच, तर निदान दाराच्या पत्त्यावर भांडण होणार नाही. ते पत्ते वाटायला लागलं तर गोंधळ होईलच, पण तो लगेच ओळखू येईल: कुणाच्या पत्त्यात तिसरा आकडा ५० च्या ऐवजी ० किंवा १ दिसला की समजायचं.

माजघर आणि माडीचे अॅक्सेस पॉइंट मी १.२ आणि १.३ वर ठेवले होते, तेही हलवायला हवे होते. विसरले. दोघांचा वायफाय चालत होता, पान मात्र उघडेना. पुन्हा लॅपटॉप थेट लावून केलं.

२२ मे, गुरुवार

आगोटीची कामं चालू. कौलं चाळून झाली, लाकडं आत आली.

रात्री विजा. एक इतकी जवळ, की प्रकाश आणि आवाज एकत्रच आले. सकाळी वाडीतल्या एका माडाचा शेंडा काळा. गोठ्याचा पीओई स्विच मेला, एक कॅमेरा मेला, मुख्य स्विचचं पोर्ट नऊ मेलं. शेजारचं दहाही. बाकीचा स्विच जिवंत आहे, नशीब.

माडावर पडलेली वीज वायरीवर पडली नव्हती. पण साठ मीटर तांबं उघड्यावर ताणून ठेवलं की जवळच्या विजेने त्यात दाब उठतोच. इथरनेटच्या पोर्टात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्टपर्यंत विलग ठेवतील असे. वीज त्याच्या कितीतरी वर.

बाबांनी एवढंच विचारलं, "काचेची वायर येते ना ती, रस्त्यावरची? ती का नाही ओढलीस?"

७ जून, शनिवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. छत्रीखाली काम.

गोठ्यापर्यंत फायबर. दोन्ही टोकांना प्लग बसवलेली ८० मीटरची तयार केबल मागवली, कारण जोडणीचं यंत्र आपल्याकडे नाही. दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर: एकीकडे फायबर, दुसरीकडे साधं पोर्ट. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालतात, कारण एक डबा १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट.

लावलं. दिवा नाही. केबल उलटली. नाही. प्लग पुसले. नाही. तासाभराने डबे उलटे करून चिठ्ठ्या वाचल्या: दोन्हींवर "ए". दोघेही १३१० वर बोलत होते आणि दोघेही १५५० वर कान लावून बसले होते. दुकानदाराने एकाच पेटीतले दोन दिले होते. सोमवारी "बी" आणायला चिपळूण.

दुसरी गोष्ट प्लगची. रस्त्यावरून येणाऱ्या केबलचा प्लग बहुतेकदा हिरवा असतो, त्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं. कन्व्हर्टरचा निळा, सरळ. हिरवा निळ्यात जातो, बसल्यासारखा वाटतो, पण काच काचेला नीट टेकत नाही. मागवताना निळे सांगितले होते म्हणून वाचले.

तिसरी वायरमनकाकांनी दाखवली. केबल सोलून ते म्हणाले, "काच म्हणालीस, मग ही तार कसली?" ताण सोसायला केबलच्या कडेला पोलादी तार असते. विजेसाठी फायबर ओढायची आणि तिच्यासोबत साठ मीटर पोलाद घरात आणायचं! ती तार दोन्हीकडे भिंतीच्या बाहेरच वेगळी करून कापली, हुकाला बांधली. आत फक्त काचेचा धागा.

९ जून, सोमवार

"बी" आला. लावताक्षणी दिवा. गोठ्यात नवा स्विच, नवा कॅमेरा. विजेच्या लाइनमधून येणारा झटका अजून येऊ शकतो, त्यासाठी गोठ्याचं अर्थिंग वायरमनकाका पावसानंतर नव्याने करणार. तोपर्यंत गडगडलं की आई प्लग काढते. गोठ्यातल्या राउटरचाही, न सांगता.

२६ जुलै, शनिवार

पाहुण्यांच्या खोल्या घरच्या जाळ्यापासून वेगळ्या केल्या, व्हीलॅन वीस (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं जाळं, क्रमांक वीस). राउटरला ते जमतं, मुख्य स्विचलाही. साध्या स्विचला जमत नाही, म्हणून त्या खोल्या सरळ मुख्य स्विचवर असल्याचं आज चीज झालं.

पहिल्या फेरीत मी स्वतःचंच पोर्ट वीसमध्ये टाकलं आणि स्विचच्या पानाबाहेर पडले. टाचणीने दहा सेकंद रीसेट, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत आधी सेटिंगची प्रत काढून ठेवली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. घरात तेवीस माणसं.

आरतीच्या आधी सगळ्यांचं इंटरनेट एकदम गेलं. मुंबईच्या काकूंना त्यांच्या लेकीला व्हिडिओवर आरती दाखवायची होती. धावत पडवीत गेले. मुख्य स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, थरथरल्यासारखे, फार वेगाने. असं कधी पाहिलं नव्हतं, पण पाहिल्याबरोबर कळलं.

एकेक वायर काढत गेले. तिसरी काढली आणि दिवे शांत झाले. ओटीची फांदी. ओटीवर टीव्हीमागे पाच पोर्टचा स्विच, आणि त्याच्या पोर्ट चारमधून निघालेली एक छोटी वायर पोर्ट पाचमध्ये गेलेली. भाचा, वय सात, शेजारी उभा. "मोकळी लोंबत होती, मी लावून ठेवली."

इथरनेटच्या पाकिटावर ते किती वेळा फिरलं याचा आकडा नसतो. आयपीच्या पाकिटाचा तसा आकडा उतरत उतरत शून्य होतो आणि ते मरतं. हे मरत नाही. "५०.१ कोण?" असं सर्वांना उद्देशून टाकलेलं एक पाकीट वर्तुळात गेलं, की ते फिरतच राहतं आणि प्रत्येक फेरीत सगळ्या घरभर त्याच्या प्रती जातात. सेकंदभरात वायरी भरून जातात. वर्तुळ ओळखून एक दुवा आपणहून बंद ठेवायची रीत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, जाळ्यातून झाड काढायची रीत. साध्या पाच पोर्टच्या स्विचमध्ये ती नसते. माझ्या मुख्य स्विचमध्ये आहे, लूप शोधण्याची सोयही वेगळी आहे. दोन्ही बंद होत्या. २६ जुलैच्या रीसेटनंतर मी त्या परत चालू केल्या नव्हत्या.

रात्री सगळे झोपल्यावर त्या चालू केल्या आणि मुद्दाम तीच वायर परत लावली. मुख्य स्विचने तीन-चार सेकंदांत ओटीचं पोर्ट बंद केलं, बाकी घर चालू राहिलं. वायर काढून डब्यात टाकली. मोकळ्या वायरी लोंबत ठेवायच्या नाहीत, हे भाच्यापेक्षा मला लागू.

१२ ऑक्टोबर, रविवार

परतीचा पाऊस, दोनदा जोरात विजा. गोठ्याचा स्विच धड, अर्थिंग नवं झालंय. वीज गेली की पडवीतला डबा, राउटर आणि मुख्य स्विच इन्व्हर्टरवर राहतात. माडीवरचा स्विचही. ओटीवरचा नाही, कारण टीव्ही तसाही बंद होतो.

मुख्य स्विचशेजारी एक वही टांगली, सोळा ओळींची: पोर्ट, जागा, वायरीवरची खूण. मी पेन्सिलने लिहिलं होतं. बाबांनी काल शाईने सुवाच्य उतरवून काढलं. नऊ आणि दहासमोर "मृत (वीज, २२ मे)". ओटीसमोर "टीव्ही". गोठ्यासमोर "काच". सोळावं रिकामं आहे, त्याच्यासमोर त्यांनी लिहिलंय: "मोकळे. मुलांनी हात लावू नये." आणि खाली बारीक अक्षरात: "मोठ्यांनीही."